रॉ फोटो आणि जवायाच्या नावाची पोळी

सासुरवाडीला जाताना माणसाने काय न्यावं? पेढे न्यावेत, सासूला लुगडं न्यावं, गेला बाजार एखादं टरबूज तरी न्यावं. हेमकांतरावांनी कॅमेरा नेला. आणि नेला तो नेला, वर नंदुरबारहून रनाळ्याला जाताना मोटरसायकलवरच जाहीर करून टाकलं, "नूतन, आज सगळे फोटो रॉमध्ये. जेपीजी बंद म्हणजे बंद!"

मागे बसलेल्या नूतनबाईंच्या मांडीवर कॅमेऱ्याची बॅग होती, डोक्यावर पदर होता आणि पदरावर आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, ऊन होतं. त्या म्हणाल्या, "रॉमध्ये काढा नाहीतर विहिरीत उतरून काढा. पाच वाजेच्या आत फोटो माझ्या मोबाइलवर पाहिजे."

हेमकांतराव नंदुरबारला सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. कॅमेरा त्यांनी दिवाळीत घेतला, जुना पण ठणठणीत. तेव्हापासून रोज रात्री जेवण झालं की ते मोबाइलवर फोटोग्राफीचे व्हिडिओ बघत. (कचेरीतही बघत, पण ते साहेबांना माहीत नाही, म्हणून आपणही बोलायला नको.) त्या व्हिडिओंतून त्यांना जे ज्ञान झालं ते त्यांनी कचेरीच्या भाषेत पक्कं करून घेतलं होतं. रॉ म्हणजे मूळ प्रत. कॅमेऱ्याला जे जे दिसलं ते सगळं जसंच्या तसं. जेपीजी म्हणजे झेरॉक्स. कॅमेरा आपल्या मनाने रंग ठरवणार, नको ते फेकून देणार आणि घडी घालून हातात ठेवणार. "आणि आयुष्यात मी कधी झेरॉक्सवर सही केली नाही!" असं ते छाती पुढे काढून सांगत.

आता मुद्दा असा की या वेळी खेळ गमतीचा नव्हता. नूतनबाईंचा तापीमाय महिला बचत गट गेली दोन वर्षं मुंबईच्या खाद्यमहोत्सवासाठी धडपडत होता. तिथे विकायच्या पोळ्या मसाल्याच्या डब्याएवढ्या नव्हेत, खापरावरच्या, चांगल्या परातीएवढ्या पुरणपोळ्या! आता जागा जवळजवळ मिळाली होती. महोत्सवाच्या मॅडमनी एवढंच सांगितलं होतं की प्रवेशद्वारावरच्या मोठ्या बॅनरसाठी पोळी करतानाचा एक जिवंत फोटो पाठवा, ज्यांचा फोटो पसंत पडेल त्यांना पहिला स्टॉल. आज शेवटचा दिवस. अक्कलकुव्याच्या आमचूरवाल्या बायांनी त्यांचा फोटो केव्हाच पाठवला होता. नूतनबाईंना रात्रभर स्वप्नात आमचूरच दिसत होतं.

आणि पोळी हातावर घ्यावी तर सिंधुबाईंनीच. सिंधुबाई म्हणजे नूतनच्या आई, हेमकांतरावांच्या सासूबाई. (आपल्याकडे सासूला मामी म्हणतात, म्हणून तेही मामीच म्हणत.) पुरण भरलेला गोळा त्या दोन्ही हातांवर असा काही खेळवत की बघता बघता त्याची पोळी मनगटापर्यंत येई, मग कोपरापर्यंत, आणि मग एका झोकात ती चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर जाऊन पडे. तो झोक, ते एक क्षणाचं उडणं, ते हेमकांतरावांना पकडायचं होतं.

सासुरवाडीच्या अंगणात त्यांचा मेहुणा भावेश आधीच येऊन बसला होता. भावेशचा नवापूरला फोटो स्टुडिओ. लग्नं, बारशी, पासपोर्ट, सगळं करतो. त्याने कॅमेरा हातात घेतला, मेनू उघडला आणि कपाळाला हात लावला.

"दाजी, नुसतं रॉ? जेपीजी बंद करी टाकेल शे तुमी!"

"मुद्दाम केलंय."

"अहो, मी पंधरा वर्षांत एक लग्न रॉमध्ये काढलं नाही. रॉ म्हणजे मिरचीच्या गोण्या घरी आणून टाकणं. देठं खुडा, वाळवा, कांडा. मला तयार तिखट पाहिजे. बटण दाबलं, फोटो दिला, पाव्हणे खूश!"

हेमकांतराव हसले. असं हसणं माणसाला फक्त व्हिडिओ पाहूनच येतं. "भावेश, तिखट एकदा कांडलं की त्याची परत मिरची होते का?"

भावेशने कॅमेरा परत दिला. (दाजीशी वाद घालून कोणाचं भलं झालंय?) पण जाता जाता बोललाच, "निदान दोन्ही ठेवा. रॉ बी आणि जेपीजी बी. तशी सोय असते."

"दोन्ही म्हणजे मनात शंका. शंका असली की फोटोत उतरते," हेमकांतराव म्हणाले. हे वाक्य कोणत्या व्हिडिओतलं ते त्यांनाही आठवत नव्हतं.

चूल पेटली. खापर तापलं. गल्लीतल्या बायका कुंपणापाशी जमल्या, कारण रनाळ्यात जवाई सासूचा फोटो काढायला जमिनीवर पालथा पडलाय असं रोज दिसत नाही. हेमकांतराव खरंच पालथे पडले होते. खालून घेतलं की पोळी आभाळावर दिसेल, असा त्यांचा हिशेब.

"जवाई, आते टाकू का?" सिंधुबाईंनी विचारलं.

"टाका मामी! बिनधास्त टाका!"

गोळा हातावर आला तसं हेमकांतरावांनी बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. खटखटखटखट! काय तो आवाज, काय तो जोश! बायका "ओ माय वं!" म्हणाल्या. पोळी मनगटाला आली, खटखटखट, कोपराला आली, खट... आणि कॅमेरा थांबला. मुका झाला. वर एक तांबडा दिवा लुकलुकायला लागला. पोळी झोकात उडाली, सुंदर गोल फिरली आणि खापरावर पडली. हेमकांतराव बटण दाबतच होते, पण कॅमेरा ढिम्म.

"काय झालं?" नूतनबाई ओरडल्या.

"बफर भरलं!"

"काय भरलं?"

भावेशने शांतपणे खुलासा केला, "रॉचा एकेक फोटो भला मोठा असतो, ताई. एवढे घास एकदम तोंडात कोंबले, आता कॅमेरा गिळत बसलाय. गिळून होईपर्यंत तोंड उघडायचा नाही."

"माय वं," सिंधुबाई कळवळल्या. "मन्हा हात चालू शेत आनि तुमना कॅमेरा थकना?"

"मामी, आणखी एक टाका. या खेपेला मी थांबून थांबून काढतो."

सिंधुबाईंनी लगेच दुसरा गोळा घेतला. पण पहिली पोळी भाजून, घडी घालून, तुपात भिजून ताटात आली होती, शेजारी आमरसाची वाटी. ती भावेशने ओढायला हात पुढे केला, तोच पडवीतल्या खाटेवरून आवाज आला.

"ठेव ती!"

हे प्रेमचंदजी, नूतनचे वडील. ते सहसा बोलत नसत, आणि बोलले की तो कायदा असे. म्हणाले, "जवाईनं नाव लिसन टाकेल पोयी शे. ती दुसराना ताटमा जावाव नही. जवाईनेच खावानी."

त्या घराची ती रीतच होती. जवायाच्या सांगण्यावरून जी पोळी खापरावर पडली, ती जवायाचीच. दुसऱ्याने खाल्ली तर मुलीच्या सासरचं ताट हलकं होतं म्हणे. हेमकांतरावांना रीत माहीत होती, लग्नापासून माहीत होती. पण आजवर त्यांच्या नावाने एका जेवणाला एकच पोळी पडायची, त्यामुळे रीतीचा जोर त्यांनी कधी अंगावर घेतलेला नव्हता.

"खाई ल्या, जवाई," प्रेमचंदजी म्हणाले. "एक पोयीघाई काय व्हस?"

एका पोळीने काय होतंय, म्हणून हेमकांतरावांनीही खाल्ली. गोड होती, मऊ होती, जिभेवर ठेवली की विरघळत होती. ढेकर देऊन ते पुन्हा पालथे पडले. (पुरणपोळी खाऊन पोटावर पडू नये, हे कोणत्याच व्हिडिओत सांगत नाहीत.)

दुसऱ्या पोळीला त्यांनी खरंच दम धरला. पण या वेळी सिंधुबाईंना फोटोची आठवण झाली. पोळी कोपरापर्यंत आली, आता झोक घेणार, एवढ्यात त्या थांबल्या, पदर सारखा केला, मान ताठ केली आणि रेशनकार्डाच्या फोटोला बसतात तशा कॅमेऱ्याकडे डोळे वटारून बघत उभ्या राहिल्या. पोळी बिचारी किती वेळ तग धरणार? मधोमध फाटली. अर्धी चुलीत, अर्धी सिंधुबाईंच्या हातावर.

"उना का फोटू?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

"आला मामी, पण उडणारी पाहिजे होती, उभी नको. आणखी एक!"

फाटकी का होईना, ती अर्धी पोळीही ताटात आली. तीही जवायाच्या नावाची. तिसऱ्या वेळी वारा फिरला आणि धूर सगळा कॅमेऱ्यावर. चौथ्या वेळी नेम बरोबर, क्षण बरोबर, पण हेमकांतरावांनी उत्साहाच्या भरात परत बटण दाबून धरलं आणि कॅमेरा परत गिळत बसला. दर वेळी ताटात घडी येऊन पडत होती, दर वेळी तूप, दर वेळी रस. कुंपणावरच्या बायका आता मोजत होत्या आणि हसत होत्या. एकीने तर शेजारणीला हाक मारली, "ओ अक्का, चाल ना, जवाईना चौथी चालू व्हई राह्यनी!"

"अहो," नूतनबाईंच्या आवाजाला आता धार चढली होती, "चार वाजले. जेपीजी लावा ना! ते पटपट होतं म्हणतो ना भावेश!"

"नूतन, वीस फुटी बॅनर आहे! तिथे झेरॉक्स चालत नाही!"

"मग मी मोबाइलवर काढते."

"मोबाइल?" हेमकांतराव उठून बसले. बसायला त्यांना वेळ लागला, कारण पोट आधी उठलं आणि ते नंतर. "बॅनरवर मोबाइलचा फोटो? माझ्या बायकोच्या बॅनरवर? माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही!"

पण ताटातली चौथी संपल्याशिवाय पाचवी टाकायची नाही, असं खाटेवरून फर्मान आलं होतं. हेमकांतराव ताटावर बसले. डाव्या हातात कॅमेरा, उजव्या हाताची पाचही बोटं रसात. कपाळावरून घाम, डोळ्यांत पाणी, गाल दोन्हीकडून फुगलेले. तेवढ्यात मागे सिंधुबाईंनी घरच्या माणसांसाठी एक गोळा घेतला. कोणी बघत नाही म्हटल्यावर त्यांचा हात मोकळा झाला. पोळी अशी उडाली, अशी उडाली, की उन्हात तिच्या आरपार उजेड दिसला आणि सिंधुबाई स्वतःच खुदकन हसल्या. हेमकांतराव "अं! अं!" करत वळले. पण तोंडात पोळी, हाताला रस, बटण कुठे आणि बोट कुठे!

नूतनबाईंनी मात्र तेवढ्यात मोबाइल काढून त्यांचा एक फोटो टिपला. बहिणींच्या ग्रुपवर टाकायला. एवढी करमणूक एकटीने का बघायची?

आणि मग पाचवी पोळी. काय सांगू! वारा थांबला, धूर सरळ वर गेला, सिंधुबाई रंगात आल्या. हेमकांतरावांनी श्वास रोखला (तसाही तो नीट येत नव्हता) आणि नेमक्या क्षणाला एकच, फक्त एकच बटण दाबलं. खट!

त्यांनी पडदा पाहिला आणि ओरडले, "आला! आला! आला!"

सगळे धावले. खरंच आला होता. पोळी हवेत, कडा सोनेरी, खाली खापर, मागे सिंधुबाईंचे दोन्ही हात आभाळाकडे. भावेशसुद्धा म्हणाला, "दाजी, एक नंबर!" सिंधुबाईंनी पडद्याला हात जोडले. नूतनबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्या म्हणाल्या, "अहो, मी उगाच ओरडले तुम्हाला." हेमकांतरावांना वाटलं, आता पोट फुटलं तरी चालेल. त्या आनंदात त्यांनी तो फोटो कुंपणावरच्या प्रत्येक बाईला दाखवला. मोठा करून दाखवला, छोटा करून दाखवला, परत मोठा करून दाखवला. पाचवी पोळीही खाल्ली आणि वाटी पुसून घेतली.

"आता द्या माझ्या मोबाइलवर," नूतनबाई म्हणाल्या.

हेमकांतरावांनी कॅमेरा मोबाइलला जोडला. मोबाइलने सांगितलं, पाठवण्याजोगा एकही फोटो नाही. ते हसले. पुन्हा जोडला. पुन्हा तेच.

"जेपीजीच जातात मोबाइलवर," भावेश म्हणाला. "रॉ नाही जात."

"मग तुझा लॅपटॉप आण!"

भावेश गाडीतून लॅपटॉप घेऊन आला. कार्ड टाकलं. लॅपटॉपने बराच विचार केला आणि कळवलं की ही कसली फाइल आहे ते मला कळत नाही. भावेशने हात वर केले, "माझ्याकडे रॉ उघडायचं काही नाहीच, दाजी. मी तिखटवाला माणूस."

पाच वाजायला आले होते. उंबऱ्यावर बसलेल्या नूतनबाईंचा चेहरा आता आमचुरासारखा सुकत चालला होता. तेवढ्यात भावेशने मांडीवर थाप मारली, "अरे! कॅमेऱ्यातल्या कॅमेऱ्यातच रॉचा जेपीजी करता येतो ना! मेनूत आहे! विसरलोच मी!"

हेमकांतरावांनी लॅपटॉपमधून कार्ड ओढून काढलं, कॅमेऱ्यात घातलं, कॅमेरा सुरू केला. पडदा उजळला. मेनू आला. हेमकांतरावांचं बोट त्या ओळीवर गेलं. आणि पडदा काळा झाला. बॅटरी संपली. गल्लीभर फोटो मोठा-छोटा करून दाखवण्यातच संपली होती. चार्जर? चार्जर नंदुरबारला, टीव्हीशेजारी.

जगातला सर्वात सुंदर पुरणपोळीचा फोटो हेमकांतरावांच्या मांडीवर होता आणि कोणालाही दिसत नव्हता. मूळ प्रत अगदी सुरक्षित होती.

"मामी," त्यांनी विचारलं, "आणखी एक टाकता का? मोबाइलवर काढू."

"पीठ सरनं, जवाई," सिंधुबाई म्हणाल्या. आणि हेमकांतरावांना त्या दुःखातही देवाची थोडी दया जाणवली.

नूतनबाईंनी मोबाइल उचलला. त्यात आज काढलेला एकच फोटो होता. पुढे जमिनीवर बसलेला एक घामाघूम गृहस्थ, गाल फुगलेले, हनुवटीवरून तूप ओघळतंय. मागे त्याची सासू हसतेय आणि तिच्या हातांवरून उन्हात एक पोळी उडतेय. त्यांनी तो क्षणभर पाहिला. मग डोळे मिटून पाठवून दिला.

"काय पाठवलंस?" हेमकांतरावांनी विचारलं.

"होतं ते," त्या म्हणाल्या आणि घरात जाऊन भांडी आदळायला लागल्या.

पुढचे दोन दिवस हेमकांतराव नुसत्या ताकावर होते. कचेरीत कोणी "गोड बातमी" म्हटलं तरी ते ताकाची बाटली तोंडाला लावत. घरी नूतनबाई ताकाचा पेलाही आदळूनच ठेवत होत्या. कॅमेरा कपाटात होता. आता बॅटरी भरलेली होती आणि तो सुंदर फोटो एका शहाण्या मित्राने उघडूनही दिला होता, पण तो आता पाठवायचा कोणाला?

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. नूतनबाईंनी उचलला, ऐकला, आणि एकदम किंचाळल्या, "हो? खरंच? आमचाच?" फोन त्यांनी स्पीकरवर टाकला.

"तुमचाच," महोत्सवाच्या मॅडम हसत होत्या. "अहो, पोळ्यांचे फोटो ढिगाने आले. पण खाणारा माणूस एवढा जीव तोडून खातोय, असा एकच! आमच्या सगळ्या समितीला भूक लागली. पहिला स्टॉल तुमचा. फक्त एक अडचण आहे. फोटो जुन्या मोबाइलवरचा आहे, बॅनरएवढा मोठा केला की फुटतो. तुमच्या घरी चांगला कॅमेरा आहे म्हणे?"

हेमकांतराव खुर्चीतून ताडकन उठले. "मी सांगत होतो की नाही? सांगत होतो की नाही?" त्यांनी नूतनकडे विजयी मुद्रेने पाहिलं आणि मोबाइलवर वाकले. "मॅडम, मी हेमकांत. पोळी उडतानाचा रॉमधला फोटो आत्ता तयार आहे! एक नंबर! लगेच पाठवतो!"

"नाही नाही, नुसती पोळी नको. फोटोतले तुम्हीच ना? तुम्ही हवेत. रॉच पाहिजे, रॉशिवाय चालणारच नाही. पण कॅमेरा दुसऱ्या कोणाच्या हातात द्या आणि तुम्ही ताटावर बसा. अगदी तसेच भाव पाहिजेत. तसाच घाम, तसेच फुगलेले गाल, तसेच पाणावलेले डोळे. ते काही नाटकाने यायचं नाही. ती तुमची पहिली पोळी नव्हती हे तोंडावरच दिसतंय, तेव्हा असं करा, त्या दिवशी त्या फोटोच्या आधी जेवढ्या खाल्ल्या होत्या ना, तेवढ्या आधी खाऊन घ्या आणि मग फोटो."

स्वयंपाकघरातून नूतनबाईंचा दुसऱ्या फोनवरचा आनंदी आवाज येत होता, "माय, गहू दळाले टाक! उद्या येतोय आम्ही! भावेशले बी बलाव!"

हेमकांतराव हळूच खुर्चीत बसले. मोबाइल तोंडाजवळ घेतला आणि आवाज अगदी बारीक करून म्हणाले, "मॅडम, तो मोबाइलवरचा जेपीजी नाही का चालणार?"